विषय: एम-८० चे दुधाच्या कॅनचे हूक परत मिळणेबाबत

प्रति,
मालकसाहेब आणि कस्टमर केअर

नमस्कार,

जॉब कार्डचा फोटो सोबत जोडलाय, तरी गाडी लक्षात यावी म्हणून सांगतो, १९९२ ची बजाज एम-८०, निळी, मागच्या मडगार्डवर "येळकोट येळकोट जय मल्हार" लिहिलेली. तुमच्याकडं बुलेट, आरएक्स, येझदी अशा गाड्या येतात, त्यात ही एकटीच एम-८०, टेम्पोतून उतरवून घेताना तुमचा पोरगा हसून म्हणाला होता "सर, ही पण रिस्टोअर करतात का", मी पण हसलो, तेव्हाच गाडी परत टेम्पोत चढवायला पाहिजे होती.

हे तिसरं पत्र आहे. पहिल्या दोन मेलला "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच आलं, तेही इंग्लिशमधून, म्हणून आता मराठीत लिहितोय आणि सविस्तर लिहितोय, निवांत वाचा.

पैशाचं आणि वेळेचं आधी उरकून टाकतो कारण माझी खरी तक्रार ती नाही. कोटेशन ३८,५०० चं, बिल ५२,३०० चं. मधल्या १३,८०० चा एकही फोन नाही की विचारणा नाही, डायरेक्ट बिलात. अक्षय्य तृतीयेला गाडी दिली, ६० दिवस सांगितले होते, सप्टेंबरमध्ये वडिलांचं वर्षश्राद्ध आहे तोपर्यंत पाहिजे हे मी पहिल्याच दिवशी बोललेलो, गाडी मिळाली दिवाळी झाल्यावर. ठीक आहे, पार्ट मिळत नाहीत हे मला कळतं, एम-८० बंद होऊन जमाना झाला, जुन्या बाजारात फिरून एकेक वस्तू गोळा करावी लागते, त्याबद्दल मी भांडलो नसतो.

आता इंजिन. गाडी गावाला नेली, मसूरला, आणि एकूण ३८ व्या किलोमीटरला जाम. पालीच्या खंडोबाला नारळ फोडायला निघालो होतो, रस्त्यात किकच खाली जाईना. तुमच्या सुपरवायझरनी फोनवर लगेच निकाल दिला की "ऑइल कमी टाकलं असणार सर". अहो, सही करायला शिकायच्या आधी मी पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलचं माप शिकलोय, आमच्या घरी पेट्रोलच्या डब्याशेजारी ऑइलचं टोपण टांगलेलं असायचं, नेहमी लिटरला वीस मिली, आणि इंजिनचं काम झालं की पहिले काही दिवस तीस, तसंच टाकलेलं. मी स्वतः चाकणला क्वालिटीत नोकरीला आहे, सतरा वर्षं दुसऱ्यांचे बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मोजतोय, तेव्हा उघडून मोजलं. पिस्टन आणि बोअरमध्ये २० मायक्रॉनसुद्धा क्लिअरन्स नाही. हवेवर थंड होणारं टू स्ट्रोक, पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलेंडर बीडाचा, गरम झाल्यावर पिस्टन बीडापेक्षा जास्त फुगणार हे लेथवरच्या हेल्परला पण माहीत असतं, मग त्याला फुगायला जागा कुठं ठेवलीत? शिवाय बोरिंग झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा घासून बोथट केलेल्याच नाहीत, बोट फिरवलं तर कापेल अशा धारदार, एक्झॉस्ट पोर्टला रिंग घासून घासून शेवटी अडकली, फोटो जोडलेत, बघा. आमच्या मसूरचा मिस्त्री, ज्याच्याकडं टॉर्क रेंच सोडा धड फळीचं टेबल पण नाही, तो बघून म्हणाला "कानस नव्हती का त्यांच्याकडं?" यावर मी काय बोलणार.

बाकी बारीकसारीक भरपूर आहे. पावडर कोटिंग झकास दिसतंय पण अर्थिंगच्या जागी पण मारलंय, म्हणून हॉर्न कधी वाजतो कधी नाही, मी तिथलं कोटिंग खरवडलं तेव्हा वाजायला लागला. हेडलाइटला कुणी न सांगता एलईडी बसवला, तो थांबल्यावर डिस्कोसारखा फडफडतो, कारण तिथं करंट इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवरून येतो, आमचा साधा बल्ब ॲक्सिलरेटर दिला की उजळायचा आणि सोडला की मिणमिणायचा, तसाच पाहिजे होता मला. पेट्रोलचा कॉक नवीन टाकलात तो बंद केला तरी गळतो, खाली वाटी ठेवावी लागते.

कॉकचं जरा जास्त सांगतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, घरी येताना ओढ्याच्या वळणावरच कॉक बंद करायचे, कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी बरोबर दारापर्यंत यायची आणि दारात आपोआप बंद पडायची. आम्ही भावंडं पैज लावायचो की आज गोठ्यापर्यंत येतीय की पायरीपर्यंत. मला गावाला नेऊन ते एकदा करून बघायचं होतं. गळक्या कॉकनी ते होत नाही.

एक गोष्ट चांगली केलीत ती पण लिहितो, नाहीतर म्हणाल नुसती नावं ठेवतोय. चाकं एक नंबर बांधलीत. स्पोक नवीन, रिम एका रेषेत फिरतीय, जराही डुलत नाही. ज्या कारागिरानी केलं त्याला माझा नमस्कार सांगा. आणि जुनी मराठी आकड्यांची नंबर प्लेट परत दिलीत, वाकवून का होईना पण दिलीत. ती रस्त्यावर चालत नाही, आता हाय सिक्युरिटीवालीच लागते, हे मला माहितीय, ती मला घरात भिंतीला लावायची होती, लावली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते.

गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे हूक होते. एम-८० कुणी कुणी घेतली हे तुम्हाला माहीत असेलच, आमच्या भागात तरी ती दूधवाल्याचीच गाडी, पायात मोकळी जागा, गिअर डाव्या मुठीत, त्यामुळं चप्पल घालून, पायजमा वर करून, चिखलातनं कशीही चालवा. आण्णा पहाटे चारला उठून वस्त्यांवरून दूध गोळा करायचे आणि साडेसहाच्या आत कराडात, सोमवार पेठ, शनिवार पेठ, घरोघर रतीब. उरलेलं डेअरीला. सव्वीस वर्षं. दोन बाजूला वीस-वीस लिटरचे कॅन, एक लहान पुढं पायात, आणि शाळेच्या दिवसांत मागं मी, दोन्ही कॅनच्या झाकणांवर एकेक हात ठेवून, कारण धरायला दुसरं काही नव्हतंच.

ते हूक कंपनीचे नव्हते, खरंय तुमचं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानी मोडलेल्या लोखंडी कॉटच्या अँगलमधनं बनवून दिलेले, पैसे घेतले नव्हते, त्या बदल्यात महिनाभर दूध. उजव्या हुकाला आतल्या बाजूनी सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, कॅनचा आवाज होऊ नये म्हणून, कारण एका वस्तीवर म्हातारी आजारी होती आणि पहाटेच्या खडखडाटानी ती उठायची, ती म्हातारी गेली तरी ट्यूब राहिली. डावा हूक थोडा वाकलेला होता. पावसाळ्यात कॅनॉलच्या कडेला आण्णा गाडीसकट घसरले तेव्हाचा. त्यादिवशी चाळीस लिटर दूध कॅनॉलला गेलं, पायाला सात टाके पडले, आणि तरी ते दुसऱ्या दिवशी गेले रतीबाला, कारण "त्यांच्या घरात पोरं हायती, चहा थांबंल पण पोरं थांबत्यात व्हय." हूक सरळ करून घ्या म्हणलं तर म्हणायचे ऱ्हाऊ दे, कॅन आता पायाला लागत नाही, उलट बरं झालं.

हे सगळं मी तुम्हाला गाडी देताना एवढं सांगितलं नव्हतं, मान्य. कोण सांगतं वर्कशॉपमध्ये उभं राहून. पण व्हॉट्सॲपवर जी यादी पाठवली त्यात चौथ्या नंबरला स्पष्ट लिहिलंय: "मागचे दोन्ही कॅनचे हूक काढायचे नाहीत, रंग पण मारायचा नाही, आहे तसेच ठेवायचे." पाचव्या नंबरला: "मडगार्डवरच्या अक्षरांचा फोटो काढून पेंटरकडून तशीच हातानी काढून घ्यावीत." तुमच्याकडून दोन मिनिटात अंगठा आला. स्क्रीनशॉट जोडलाय. अक्षरांच्या जागी तुम्ही कॉम्प्युटरवर कापलेला स्टिकर चिकटवलात, लग्नाच्या गाडीवर असतो तसल्या फॉन्टमध्ये, ते मी सोडून देतो, पेंटर कराडात अजून आहेत, घेईन काढून. पण हूक?

विचारलं तर तुमचे सुपरवायझर म्हणाले, "सर ते नॉन ओरिजिनल होतं, कंपनी फिटेड नव्हतं, आम्ही रिस्टोरेशनमध्ये गाडी शोरूम कंडिशनला आणतो, असलं काही ठेवत नाही." कापले कशानी, तर ग्राइंडरनी कापले. आहेत कुठं, तर "भंगारात गेलं असेल सर, महिन्याला गाडी येते." आणि मग, हे ऐकून मी फोन ठेवून दिला, "पाहिजे असेल तर चारशे रुपयात नवीन करून देतो, स्टेनलेस स्टीलमध्ये, गंज पण लागणार नाही."

साहेब, ओरिजिनल म्हणजे काय हे एकदा आपण ठरवून घेऊ. शोरूममधून निघालेली एम-८० आमच्या घरी फक्त एक रात्र होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हार घालून ती डायरेक्ट वेल्डिंगवाल्याकडं गेली, आणि हूक लागल्यावरच आण्णांनी पहिला रतीब टाकला. म्हणजे तुम्ही जी कंडिशन ५२,३०० रुपये घेऊन परत आणलीत, त्या कंडिशनमध्ये ती गाडी आमची अजून झालेलीच नव्हती. मला नवी एम-८० नको होती, ती मी करू तरी काय, चाकणला घेऊन जाऊ? मला ती पाहिजे होती जी अंगणात उभी असली की आण्णा आत आहेत असं समजायचं.

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा आई बाहेर आली. चष्मा पुसून बघितलं तिनी. चकाचक निळी, क्रोम चमकतंय, शेजारचे लोक मोबाइल काढून फोटो घेतायत. आईनी गाडीला एक चक्कर मारली, मागच्या बाजूला जिथं हूक होता तिथं हात नेला आणि मला विचारलं, "ही कुणाची आणलीस?" मी म्हणलं आपलीच गं, आण्णांची. तर म्हणाली "मग कॅन कुठं अडकवायचा?" आता दूध बंद होऊन किती वर्षं झाली, कॅन माळ्यावर पडलेत, अडकवायचं काही नाही, तरी. हळदकुंकू लावलं तिनी, पण परातीतलं पाणी चाकावर ओतायचं विसरली, ती कधी विसरत नाही.

माझ्या मागण्या सरळ लिहितो.

इंजिनचं बोरिंग नवीन पिस्टनसकट तुमच्या खर्चानी, आणि तुमच्याकडं नाही, मी सांगेन त्या लेथवर, क्लिअरन्स मी स्वतः मोजून घेणार. क्रँककेस, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, बदलायची नाही, तीच ठेवायची, तिच्यावरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतोय हे मी आल्याआल्या तपासलंय, नशीब तेवढं तरी सोडलंत, नाहीतर आरटीओत रिन्यूअलला गाडी उभीच केली नसती. कॉक, बल्ब बदलून. न विचारता लावलेले १३,८०० परत. आणि काढलेले सगळे जुने पार्ट, सगळे म्हणजे सगळे, गंजलेला सायलेन्सर, फाटलेलं सीट कव्हर, जुने स्पोकसुद्धा, मला परत पाहिजेत. ते माझे आहेत. कामाला दिलेल्या गाडीतून निघालेला पार्ट गाडीमालकाचा असतो, विचारल्याशिवाय भंगारात घालायचा तुम्हाला अधिकार नाही, आणि तुमच्या जॉब कार्डवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे काही छापलंय त्यातही मला तसं कुठं दिसलं नाही, भिंग घेऊन वाचलंय.

पंधरा दिवस वाट बघतो. नाहीतर आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, पाच लाखापर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं, म्हणजे मला घाई काही नाही. मला आयोगात जायची हौस नाही, सुट्ट्या कुठून आणायच्या, पण जाईन.

आणि एक विनंती, ही मागणी नाही. तुमचा भंगारवाला कोण ते मला सांगा. तुम्ही नाही शोधलंत तरी चालेल, मी रविवारी येऊन त्याच्या गोडाऊनमध्ये बघतो. भंगार वितळायला लगेच जात नाही, ढीग साचेपर्यंत पडून असतं हे मला माहितीय. ओळखायला सोपे आहेत, कॉटच्या अँगलचे, एकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, एक बाहेरच्या बाजूला वाकलेला. तुम्हाला मिळाले तर कुरिअर करू नका, पुसू नका, कुणाला सरळ करायला देऊ नका. फोन करा, मी येऊन घेऊन जातो.

आपला,
एम-८० वाला
(मसूर, सध्या चाकण)