व्हेनिसच्या आधी मोन्तोने

चि. मनवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ईस्टरच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर व्हेनिसला जायचं चाललंय, असं तू परवा फोनवर म्हणालीस. जरूर जा. पण त्याआधी दोन-तीन दिवस पेरुजाजवळच्या मोन्तोने या छोट्या डोंगरगावासाठी काढ, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. फोनवर सांगितलं की तू "हो गं आई" म्हणतेस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

ऑक्टोबरात तुला पेरुजाला सोडून बाबा आणि मी तिकडे गेलो, तेव्हा तुझे वर्ग नुकतेच सुरू झाले होते आणि तुला येता आलं नाही. पेरुजाहून उंबेर्तिदेपर्यंत रेल्वे आहे. तिथून पुढे रस्ता डोंगर चढायला लागतो. मोन्तोने साधारण 480 मीटर उंचीवर, टेकडीच्या माथ्यावर आहे. एका अंगाला टायबरचं रुंद खोरं, दुसऱ्या अंगाला कार्पिना नावाची छोटी नदी. हीच टायबर पुढे रोममधून वाहते, पण इथे ती अजून लहान आणि शांत आहे. खाली सपाटीला तंबाखूची शेतं, उतारावर ऑलिव्ह, आणि त्याच्यावर ओक आणि चेस्टनटचं रान. हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे ताठ कड्यांचे नाहीत. एकामागे एक मऊ रांगा आहेत, आणि सकाळी खोऱ्यात धुकं भरलं की फक्त त्यांचे माथे दिसतात.

गाव तटबंदीच्या आत आहे. दगडी घरं, दगडी पायऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या. गावाचे तीन मोहल्ले तीन वेशींच्या नावाने ओळखले जातात: पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोन्ते आणि पोर्ता देल वेर्झिएरे. ऑगस्टमध्ये या तिघांची चढाओढ असते, धनुर्विद्येची आणि जुन्या वेशातल्या देखाव्यांची. तो सगळा सोहळा एका काट्यासाठी चालतो. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजला जाणारा तो काटा व्हेनिसच्या चाकरीतला सेनानी कार्लो फोर्तेब्राच्चो याने 1473 मध्ये आपल्या गावाला दिला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो लोकांना दर्शनासाठी बाहेर काढतात. म्हणून म्हणते, तुझी सुट्टी अगदी जुळून आली आहे.

कार्लोचा बाप ब्राच्चो फोर्तेब्राच्चो (1368 ते 1424) हा त्या काळातला नावाजलेला भाडोत्री सेनापती. 1416 मध्ये त्याने पेरुजा जिंकलं आणि मरेपर्यंत तिथे सत्ता चालवली. तू रोज ज्या चौकातून कॉलेजला जातेस, तिथे एकेकाळी याचा शब्द चालायचा. लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो गेला. मोन्तोनेतला त्याचा किल्ला पुढे 1478 मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसच्या हुकमाने पाडला गेला. आता पडके अवशेष उरलेत, पण तिथवर चढून जाच, खोरं सगळ्यात चांगलं तिथूनच दिसतं.

सान फ्रान्चेस्को चर्चला लागून संग्रहालय आहे. तिथे दोन गोष्टींसमोर निवांत उभी राहा. एक, तेराव्या शतकातला लाकडी मूर्तींचा समूह, येशूला क्रुसावरून खाली उतरवतानाचा. लाकूड इतकं जुनं, तरी उतरवणाऱ्यांच्या हातांतली काळजी स्पष्ट दिसते. दुसरं, बार्तोलोमेओ कापोराली याने 1482 मध्ये रंगवलेलं मिरवणुकीचं निशाण. प्लेगच्या भीतीत असलेल्या गावकऱ्यांना मेरीने आपल्या झग्याखाली घेतलंय, आणि खाली चिमुकलं मोन्तोने रंगवलंय, तटबंदीसकट. ते पाहून बाहेर आलीस की तेच गाव समोर असतं. मी आत-बाहेर करत तुलना करत बसले, बाबा कंटाळले.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं ते सांगते.

माझं माहेर माणगावचं, हे तुला माहीत आहे. तहसील कचेरीसमोरचा पुतळा तू लहानपणी पाहिला आहेस, पण मामाच्या घरी पोचायच्या घाईत कुणी नीट थांबून तुला सांगितलं नसेल. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. पळसगावचे, आपल्याच तालुक्यातले. मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. जून 1944 मध्ये रोम पडलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत गेलं, पण हटताना टायबरच्या खोऱ्यातली एकेक डोंगरधार धरून लढलं. त्या धारा घ्यायचं काम आपल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे आलं. 10 जुलै 1944 रोजी घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्या हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. हे एकटे उरले आणि तसेच मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, मग टॉमीगनने एकाला टिपलं. काडतुसांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. ते ठाणं पडलं आणि लपलेल्या नेमबाजांनी यांना गोळ्या घातल्या. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला.

त्यांची कबर नाही, दहनाची जागाही माहीत नाही. ज्यांचं काहीच सापडलं नाही अशांची नावं दूर दक्षिणेला कासिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. म्हणजे त्यांना भेटायचं तर याच डोंगरात यावं लागतं. इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले आणि 5,782 तिथेच राहिले. त्या देशात मिळालेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 आपल्या सैनिकांचे. यातलं शाळेत मला कुणी शिकवलं नाही, तुलाही नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

जुलै 2023 मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी, तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि आपल्या वकिलातीने मिळून घाडग्यांचं स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद त्याला दिलंय. बाबांनी लगेच मनगटावरचं घड्याळ लावून पाहिलं. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे सावली मागे होती. त्यांचं ते गणित चाललं होतं तेवढ्यात मी आजूबाजूचे उतार पाहून घेतले. पिवळं पडलेलं गवत, काटेरी झुडपं, मध्येच शेतघर. आडोसा म्हणावा असा कुठेच नव्हता. वर बसलेल्याला खालचं सगळं दिसणार, आणि जुलैच्या उन्हात खालून वर चढणारा तो माणगावचा पोरगा. माणगावातला पुतळा मी हजारदा पाहिला असेल, पण ते चढणं मला तिथे कळलं.

गावकऱ्यांनाही त्या उन्हाळ्याच्या आठवणी आहेत, आणि त्या सगळ्या सुटकेच्या नाहीत. खाली उंबेर्तिदेमध्ये 25 एप्रिल 1944 ला दोस्त राष्ट्रांची विमानं टायबरचा पूल पाडायला आली आणि बॉम्ब वस्तीवर पडले. तेव्हा कुणी म्हातारं माणूस बोलायला लागलं तर आधी ऐकून घे. आपल्या सैनिकांचा अभिमान जरूर सांग, पण मागाहून.

रानात फिरायचं तर वाट दाखवणारा माणूस गावातूनच घे. आम्हाला एकाने कुत्र्याबरोबर ट्रफल शोधायला नेलं. पांढरा ट्रफल ऑक्टोबर ते डिसेंबर मिळतो, तुला तो या दिवसांत मिळायचा नाही, पण कसा काढतात ते सांगते. कुत्रा ओकच्या मुळाशी जमीन हुंगतो आणि एकदम उकरायला लागतो. मालक त्याला बाजूला ओढून खाऊ देतो आणि छोट्या फावड्याने हलके माती सारतो. हाताला आलेला मातकट गोळा नाकाशी धरला की लसूण आणि ओल्या मातीचा एकत्र वास येतो. मग तो माणूस गुडघ्यावर बसून खड्डा पुन्हा नीट बुजवतो, वरून पानं पसरतो. बुरशीचे धागे मातीत जिवंत राहिले तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा ट्रफल येतो, आणि खड्डा बुजवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. त्याचं ते बुजवणं मला फार आवडलं.

जेवायला तोर्ता आल तेस्तो माग. गव्हाच्या पिठाची, जाड तव्यावर भाजलेली, आपल्या भाकरीच्या बहिणीसारखी. मधून चिरून आत पालेभाजी आणि चीज भरून देतात. मांस नको हे आधीच सांग.

एक दिवस खोऱ्याच्या वरच्या टोकाला जा. सान जुस्तिनोजवळ कोस्पाया नावाचं टेकडीवरचं छोटंसं गाव आहे. 1440 मध्ये पोप आणि फ्लोरेन्स यांनी सरहद्द ठरवताना 'रिओ' हा ओढा धरला, पण त्या नावाचे ओढे दोन होते. मधली जमीन कुणाचीच नाही असं झालं आणि तिथल्या शेतकऱ्यांनी आपण स्वतंत्र आहोत असं जाहीर करून टाकलं! ना राजा, ना कर, ना सैन्य, आणि हे 1826 पर्यंत चाललं. तंबाखू पिकवून गाव सुखाने जगलं. खोऱ्यात आज दिसणारी तंबाखूची शेतं हा त्याचाच वारसा. तिथून सान्सेपोल्क्रो जवळ आहे, तेवढ्यात पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचं पुनरुत्थानाचं भित्तिचित्रही पाहून घे. 1944 मध्ये एका ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला या चित्राबद्दल पूर्वी वाचलेलं आठवलं आणि त्याने शहरावरचा मारा थांबवला. त्याच्या नावाचा रस्ता आहे तिथे.

उंबेर्तिदेहून वर जाणाऱ्या बसच्या वेळा आधी पाहून ठेव, रविवारी आणि सणाच्या दिवशी भरवसा ठेवू नकोस. संग्रहालयाचे वारही विचारून घे. बूट चांगल्या पकडीचे घाल, गल्ल्यांतले दगड पावसात निसरडे होतात. मैत्रिणींना घाडग्यांची गोष्ट तुझ्या शब्दांत सांग.

बाबा विचारतायत, खात्यावर पाठवलेले पैसे पोचले का? दोन ओळींचं का होईना, उत्तर लिही.

तुझी,
आई