रायवळ आंब्याखालच्या छायाचित्रांबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या वाडीत टिपलेली फुलपाखरांची आणि पक्ष्यांची छायाचित्रे आता बऱ्याच जणांनी पाहिली आहेत आणि कौतुक मात्र माझे व माझ्या कॅमेऱ्याचेच होत आहे. त्यातला मोठा वाटा आपला आहे, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपले आणि गावाचे नाव त्यात नाही, कारण तशी अट आपणच घातली होती.

छायाचित्रण शिकवणारे बहुतेक जण लेन्सपासून सुरुवात करतात. आपण मला झाडापासून सुरुवात करायला लावलीत. "पाखरू हवं असेल तर आधी त्याचं पान शोधा," असे आपण पहिल्याच भेटीत म्हणालात आणि विहिरीजवळच्या लिंबांपाशी नेऊन उभे केलेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निलवंत उडताना टिपणे म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ. परंतु अंडी घालायला आलेली मादी लिंबाच्या पानांभोवती घुटमळत राहते आणि तेवढ्या वेळात तिच्यावर फोकस साधता येतो. त्याच झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या तिच्या लहान अळ्याही आपण दाखवल्यात. मी एकटा असतो तर त्यांच्याकडे दुसऱ्यांदा वळूनही पाहिले नसते.

गडग्यालगतच्या दोन रायवळ आंब्यांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. कॉमन बॅरन या फुलपाखराची अळी आंब्याच्या आणि काजूच्या पानांवर वाढते. तिचा रंग हिरवा, पाठीवर फिकट पिवळी रेघ. पानाच्या मधल्या शिरेवर ती अशी बसते की रेघ आणि शीर एक होऊन जातात, आणि दोन्ही बाजूंचे फांद्याफांद्यांचे काटे पानावर सपाट पसरल्यामुळे तिच्या शरीराची कडाच डोळ्यांना सापडत नाही. मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी फवारणी होते तेव्हा हे दोन रायवळ आपण वगळता, आणि पावसाळ्यानंतरच्या बेणणीत त्यांच्याखालची झुडपेही राखता. "त्या झाडांचं उत्पन्न ते किती, त्यावर औषध कशाला घालवायचं," असे आपले उत्तर असते. एवढेच कारण असावे, असे मला वाटत नाही. पण आपण कबूल करणार नाही, हेही ठाऊक आहे.

इतक्या जवळून मॅक्रो लेन्सने टिपताना स्पष्ट उमटणारा भाग जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, म्हणून लेन्सचे, प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/८ किंवा एफ/११ इतके बारीक ठेवावे लागते, आणि पोफळींच्या सावलीत तेवढा प्रकाश मिळत नाही. सर ओसरल्यावर पहिली तिरीप वाडीत कुठे उतरते, हे आपल्याला तोंडपाठ होते. पंख तापवायला फुलपाखरे तिथेच उघडून बसत, आणि मला फ्लॅशची गरज क्वचितच पडली.

आणि आता तिबोटी खंड्याविषयी. पहिल्या पावसाबरोबर कोकणात विणीसाठी येणारा हा जेमतेम तेरा सेंटिमीटरचा पक्षी आपल्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, मातीच्या दरडीत बीळ करतो, हे आपण मला सांगितलेत, परंतु बिळासमोर उभे राहू दिले नाहीत. पिल्लांसाठी सापसुरळी किंवा छोटा खेकडा चोचीत धरून येणारे नर-मादी समोर माणूस दिसला की बिळात न शिरता बाजूच्या फांदीवर खोळंबून राहतात आणि पिल्ले उपाशी राहतात, हे आपण स्पष्ट शब्दांत सुनावलेत. मला मिळालेली छायाचित्रे पलीकडच्या काठावरून, झापांच्या आडोशाने, लांब लेन्सने टिपलेली आहेत. पक्षी चौकटीत लहान दिसतो, अशी तक्रार काहींनी केली. मला तो तसाच योग्य वाटतो. ठिकाण कळले की पुढच्या जूनमध्ये दरडीसमोर तिपायांची रांग लागते, आणि आपली अट त्यासाठीच होती. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकताना नेमके ठिकाण मी झाकून ठेवले आहे. अनेक छायाचित्रकारांना ही सावधगिरी अतिरेकी वाटते. त्यांच्याशी वाद घालण्याचे बळ आपल्या त्या नकाराने मला दिले आहे.

आपण वेळ दिलात, शिपण्याच्या घाईतही पाटाच्या तोंडाशी थोडी जमीन ओली राहू दिलीत आणि तिथे क्षार शोषायला जमणाऱ्या नर फुलपाखरांपाशी मला मनसोक्त बसू दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

निवडक छायाचित्रांच्या प्रती टपालाने पाठवत आहे. प्रत्येकीच्या मागे झाडाचे नाव लिहिले आहे. त्यातली दोन-तीन नावे मला खात्रीची वाटत नाहीत, तेव्हा तपासून दुरुस्त करून ठेवावीत. जूनमध्ये येण्यास आपली परवानगी असेल तर पाऊस सुरू झाल्यावर फोन करीन.

आपला नम्र,
वाडीत कॅमेरा घेऊन येणारा