दैनंदिनीतल्या 'इतर' या रकान्याविषयी: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात समाजसेवा अधीक्षकाचे पद निर्माण करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत 31 वर्षे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. नोकरीत असताना अर्ज-विनंत्या पुष्कळ केल्या. हे पत्र खुले लिहितो आहे, कारण ज्या कामाविषयी ते आहे, म्हणजे जनावर आजारी पडले किंवा गेले की त्याच्या घरच्या माणसांना सावरण्याचे काम, त्याला आपल्या विभागात नाव नाही, आणि नाव नसलेल्या कामाची फाइल कोणत्या टेबलावर पाठवावी हे मला आजही कळलेले नाही.

2022 साली लंपी चर्मरोगाची साथ आली तेव्हा मी खटाव तालुक्यात होतो. एका वस्तीवर संकरित गाय दगावली. पंचनामा केला, जनावराची जात, वय, रंग, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, सगळे लिहून घेतले. खोल खड्डा, चुना, माती हे सोपस्कार झाले. शासनाने त्या साथीत गाईसाठी 30 हजार, बैलासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपये भरपाई जाहीर केली होती आणि ती देण्यात आमच्या खात्याने कसूर केली असे मी म्हणणार नाही. परंतु त्या घरच्या बाईंनी मला भरपाईचे काहीच विचारले नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, लस टोचायला माणसं आली त्या दिवशी मी तिला घेऊन रानात गेले होते. माझ्यामुळंच गेली का ओ ती?"

मी विषाणूविषयी, माश्या-गोचिडांविषयी, लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला लागणाऱ्या दिवसांविषयी काहीतरी सांगितले. ते चुकीचे नव्हते, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते. गाय सोसायटीच्या कर्जातून घेतलेली, दूध डेअरीची उचल अजून फिटायची, आणि नवरा पंचनाम्याच्या वेळी एक शब्द न बोलता गोठ्याच्या मेढीला टेकून बसलेला. हे सगळे मी पाहिले आणि पुढच्या वस्तीकडे निघालो, कारण त्या दिवशी अजून तीन ठिकाणी जायचे होते. आठ दिवसांनी वाट वाकडी करून पुन्हा त्या घरी गेलो. नवऱ्याने जेवण तोडले होते. गावातल्या त्यांच्या मेहुण्याला बोलावून घेतले, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांना दाखवायला लावले, सोसायटीच्या सचिवांशी हप्त्याविषयी बोललो. दैनंदिनीत त्या दिवसाची नोंद मी 'इतर' या रकान्यात केली.

त्या रकान्यातल्या कामाला जगात इतरत्र नाव आणि अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाने 2002 साली पशुवैद्यक महाविद्यालय आणि समाजकार्य महाविद्यालय यांच्या सहकार्यातून 'पशुवैद्यकीय समाजकार्य' सुरू केले. जनावराच्या मृत्यूने किंवा आजाराने माणसाला होणारे दुःख, जनावरांवरील आणि माणसांवरील हिंसेचा परस्परसंबंध, प्राण्यांच्या सहवासातून केले जाणारे उपचार आणि खुद्द पशुवैद्यकांचा मानसिक थकवा अशी त्याची चार अंगे तिथे मानली जातात. नावात पशू असला तरी हे काम माणसांचे आहे; जनावराला डॉक्टर पाहतो, आणि जनावरापायी माणसाचे जे होते ते पाहण्यासाठी हा दुसरा माणूस असतो. तिथला भर बहुतांशी घरात पाळलेल्या कुत्र्या-मांजरांवर आहे, म्हणून तिथले पुस्तक जसेच्या तसे माण-खटावात आणून चालणार नाही. आपल्याकडे दावणीचे जनावर घरचे माणूस असते आणि घरखर्चही असते. ते गेले की दोन्ही एकदम जातात. बेंदराला ज्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, ज्याला पुरणपोळीचा घास भरवला, त्याच बैलाच्या जोरावर उसाच्या गाडीची उचलही घेतलेली असते. या दोन्ही गोष्टी एका वेळी समजणारा कार्यकर्ता आपल्याला हवा आहे.

आपल्याकडे या व्यवसायाची आजची स्थिती सांगायची तर ती अशी: माणसांच्या दवाखान्यात आपण हे फार पूर्वी मान्य केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1946 साली पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला आणि आज शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद सर्वांच्या परिचयाचे आहे. 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, मनोविकार आणि चिकित्सालयीन समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे. पशुवैद्यकीय समाजकार्यकर्ता त्यात नाही, आणि माझ्या नोकरीत एकाही पशुवैद्यकीय दवाखान्यात मी असे पद पाहिले नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि जकातवाडीला यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे. तरीही इतक्या वर्षांत समाजकार्याचा एकही विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी माझ्या दवाखान्याची पायरी चढला नाही. यात दोष त्यांचा नाही. मी तरी त्यांच्याकडे कधी गेलो होतो?

ऑगस्ट 2019 च्या महापुराची आठवण आपल्याला करून द्यायला नको. कृष्णाकाठच्या गावांत पाणी चढत असताना बचावासाठी बोटी आल्या, आणि गोठ्यात म्हशी बांधलेल्या असताना बोटीत बसायला कितीतरी माणसे तयार नव्हती. जवानांना तो हट्ट वाटत होता आणि त्यांच्या जागी मीही तसेच म्हटले असते. पण त्या माणसाला काय सांगितले म्हणजे तो दावे सोडून देऊन जनावराला मोकळे करील आणि स्वतः बोटीत बसेल, हे सांगणारा माणूस बोटीत असणे ही बचावकार्याचीच गरज असते. पाणी ओसरल्यावर मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणाऱ्या मुलांना आम्ही हातमोजे आणि मास्क दिले. त्यांच्याशी कोणी बोलले का, हे माझ्याही डोक्यात तेव्हा आले नाही. यातली काही मुले पुढे कित्येक दिवस झोपत नव्हती, असे त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितले. दुष्काळातल्या चारा छावण्यांचीही गोष्ट वेगळी नाही. माणमध्ये जनावरांसोबत म्हातारी माणसे महिनोन्‌महिने पालाखाली राहिली. जनावरांची मोजदाद रोज व्हायची, माणसांची होत नव्हती.

आणखी एक बाब जपून लिहितो. दारूच्या नशेत मुक्या जनावराला काठीने फोडणारा माणूस घरात काय करीत असेल, असा विचार गोठ्यात उभा असताना माझ्या मनात अनेकदा आला आहे. प्रत्येक वेळी तो खरा नसतो आणि केवळ वळ पाहून कोणावर शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पण एकदा म्हशीच्या जखमा शिवताना त्या घरच्या सुनेच्या मनगटावरही मला तशाच खुणा दिसल्या होत्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली अशा स्त्रीला मदत करणारा संरक्षण अधिकारी असतो हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. मी म्हैस शिवली, औषध लिहून दिले आणि आलो. तो दिवस मला आजही सलतो.

डॉक्टरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण स्वतःच्याच पेशाची तक्रार मांडणे बरे दिसत नाही. अमेरिकेत 1979 ते 2015 या काळातील नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा पशुवैद्यकांच्या मृत्यूंमधले आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुषांत 2.1 पट आणि स्त्रियांत 3.5 पट आढळले. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, पण अडलेली गाय रात्री दोन वाजता दगावल्यावर अंगावर धावून आलेला जमाव आणि सकाळी आठला पुन्हा उघडलेला दवाखाना हे मी स्वतः अनुभवले आहे. 1962 या क्रमांकावर फोन केल्यावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकात आता नुकतीच पदवी घेतलेली मुले-मुली फिरतात. त्यांना जनावर कसे धरावे हे शिकवलेले असते. मालकाला 'हे वाचणार नाही' हे कसे सांगावे, हे सहसा कोणी शिकवत नाही.

पशुवैद्यकांच्याच जागा रिकाम्या असताना हे नवे पद कुठून काढायचे, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील आणि तो योग्यच आहे. डॉक्टरऐवजी समाजकार्यकर्ता द्या, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की ही कामे आजही होतात. ती अर्धवट होतात, न शिकलेल्या माणसांकडून होतात आणि डॉक्टरच्या किंवा परिचराच्या वेळातून होतात. म्हणून सुरुवात लहान करावी. सातारा आणि सांगली येथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत समाजसेवा अधीक्षकाचे एकेक पद दोन वर्षांसाठी प्रायोगिक तत्त्वावर भरावे आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य तिथे सुरू करावे. शिरवळच्या विद्यार्थ्यांना पशुपालकाशी बोलण्याचे काही तास तरी अभ्यासक्रमातच मिळावेत. साथ, पूर आणि छावणी या तीन प्रसंगी या अधीक्षकाला जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत बोलावले जावे, आणि संरक्षण अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर असावा. शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही.

पंचनाम्याच्या नमुन्यात एक ओळ वाढवता आली तर फार बरे होईल: 'जनावराची देखभाल घरात कोण करीत होते?' खटावच्या त्या घरी हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला असता, तर आठ दिवस वाया गेले नसते.

प्रायोगिक पद मंजूर झाल्यास नव्या अधीक्षकाला वाड्या-वस्त्यांवर हिंडवून आणण्याचे काम आठवड्यातून दोन दिवस विनामानधन करण्यास मी तयार आहे. मोटारसायकल माझी आहे आणि रस्तेही मला पाठ आहेत.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सातारा