खालच्या रानाला तोवर पाणी देऊ नका

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

ती. अण्णा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा अण्णा चिडले आणि मी फोन ठेवून दिला. चुकलंच माझं. बोलताना मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. आई, तूच वाचून दाखव त्यांना.

आधी लपवलेलं सांगते. नोकरी सोडायचा विचार आहे असं मी म्हणाले, पण पुण्याची नोकरी गेल्या महिन्यातच सोडली. बारा दिवस झाले, मी सांगलीत आहे. घर एस.टी.नं तासाभरावर, तरी आले नाही. तुमच्यासमोर उभं राहून सांगायचा धीर होत नव्हता.

अण्णा, तुम्ही म्हणालात, समाजसेवा पोट भरलेल्यांनी करावी. कारखान्याचा पहिला हप्ता दोन वर्षं घरी न येता थेट माझ्या कॉलेजात गेला, हे मी विसरलेले नाही. त्यामुळं हिशेबाचंच आधी लिहिते. सांगलीतलं हे नवं काम पगारी नोकरीच आहे. पुण्यापेक्षा पगार एक तृतीयांशानं कमी, पण दर महिन्याला, बँकेत. पैसा कुणाच्या मर्जीतल्या देणगीचा नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजाच्या कामांवर खर्च करावे लागतात. २०१४ पासून हे लागू आहे. त्यातून आमचा प्रकल्प तीन वर्षांसाठी मंजूर झालाय. पुढचं आज सांगता येत नाही, हेही खरं.

काम आहे क्षारपड, मीठ साचून नापीक झालेल्या जमिनी सुधारण्याचं. म्हणजे आपल्या खालच्या रानाचं.

मी नववीत होते तेव्हा तिथं पहिल्यांदा मीठफुटी दिसली. सकाळी डबा घेऊन आले तर सरीच्या वरंब्यावर कुणी पीठ सांडल्यासारखं. बोटानं उचलून जिभेवर ठेवलं, खारट-कडवट लागलं. चार वर्षांत एकरी ५५ टन ऊस १८ वर आला. पानं करपायची, म्हणून तुम्ही रात्रीची लाईट आली की उठून आणखी पाणी सोडायचात. आई, तू बांधावर नारळ फोडलास. मग अण्णांनी वाटच बदलली. वरच्या बांधानं जायला लागले, खालचं रान दिसू नये म्हणून. त्यावर घरात कुणी कधी बोललं नाही, पण मला कळत होतं.

पुण्यात शेवटची दोन वर्षं माझ्याकडं कंपनीच्या शाश्वतता अहवालाचं काम होतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा केलाय. नदीतून किती पाणी घेतलं, जमिनीतून किती, वापरून सोडलं किती, सगळं किलोलिटरमध्ये भरायचं. ते आकडे भरताना एका रात्री मनात आलं, आपल्या रानात किती पाणी गेलं हे कुणी कधी मोजलंय का? तेव्हापासून मी क्षारपड जमिनीवर मिळेल ते वाचत गेले.

अण्णा, तुमच्या हातून पाप झालेलं नाही. आपली काळी भारी जमीन, तिला निचरा कमी. त्यात बारमाही ऊस आणि पाटानं मोकळं पाणी. खाली साचलेलं पाणी वर वर येत जातं. उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. पानं करपत होती ती मुळाशी पाणी तुंबून आणि मिठानं, आणि आपण तहान समजून आणखी पाजत होतो. वाळवा, मिरज, पलूसमध्ये गावोगाव हेच झालंय. तिकडं जत-आटपाडीत पाण्याच्या घागरीसाठी बायका उन्हात उभ्या राहतात आणि इकडं आपण पाण्यानंच जमीन घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर उपाय आहे. तीन-चार फूट खाली सच्छिद्र पाइप टाकायचे, साचलेलं पाणी त्यातून ओढ्याला काढायचं. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला असेल, म्हणजे जमीन चोपण झाली असेल, तर जिप्सम घालायचं, धैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडायचं. यातलं काही अवघड नाही. अवघड एवढंच की पाइप बांध ओळखत नाही. मधला एक शेतकरी नाही म्हणाला की वरच्या सगळ्यांचं पाणी अडलं. ओढ्याकाठच्या साठ-सत्तर खातेदारांना एका ठिकाणी बसवायचं, कुणाच्या रानातून किती पाइप जाणार, खर्च कसा वाटायचा, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं, ही माझी नोकरी. याच जिल्ह्यात बलवडीच्या लोकांनी येरळा नदीतली वाळू विकून बळीराजा धरण उभं केलं आणि भूमिहीनांनासुद्धा पाण्यात वाटा दिला. आपल्या माणसांना एकत्र येणं जमतं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या रानाचा उतार तात्यांच्या रानातून ओढ्याला जातो. अकरा वर्षं तुमचं त्यांच्याशी बोलणं नाही. मला त्यांच्याकडं जायचंय, आणि अण्णा, तुम्ही सोबत यावं असं वाटतं. तिथं तुम्ही काही बोलू नका, नुसते या.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. सोबत गिरमिट असेल, एक, दोन आणि तीन फुटांवरची माती काढून तपासायला न्यायची आहे. कडेच्या चार सऱ्यांना तुम्ही अजून पाणी देता, आईनं सांगितलंय मला. खालच्या रानाला तोवर पाणी देऊ नका.

तुमची,
बारकी