दोन नितळ द्रावणं

प्रिय मित्रा,

शाम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत ओतून ठेवले तर चालेल का, असं तू विचारलंस. प्रश्न नेमका माझ्या कामातला, म्हणून सविस्तर लिहितोय.

शाम्पूतला मुख्य सर्फॅक्टंट (एका टोकाला पाण्यात रमणारं डोकं आणि मागे तेलकट शेपटी असलेला रेणू) बहुधा ऋणभारित असतो, कंडिशनरमधला धनभारित. अशीच एक जोडी, सोडियम डोडेसिल सल्फेट आणि डोडेसिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, मी पहिल्यांदा एकत्र केली तो दिवस अजून आठवतो. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी नितळ. एकात दुसऱ्याचे थेंब सोडत गेलो. थेंब पडेल तिथे पांढरट धागा उमटायचा, ढवळलं की विरायचा. मग तो विरेनासा झाला, आणि दोघांचं प्रमाण समसमान झालं तेव्हा तळाशी पांढरा साका बसला.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, एवढं सांगून लोक थांबतात. मला ते अपुरं वाटतं. प्रत्येक रेणूच्या डोक्याजवळ आधी विरुद्ध भाराचा एक सोबती घोटाळत असतो, इकडे सोडियम, तिकडे ब्रोमाइड. डोकी एकमेकांना भिडली की हे सोबती मोकळे होऊन पाण्यात पसरतात. त्या मोकळेपणाने वाढणारी एन्ट्रॉपी (कणांच्या विखुरलेपणाचं माप) हाच इथला मोठा रेटा. म्हणून तर 25 अंश सेल्सिअसला एकट्या सल्फेटला मायसेल, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर असलेला रेणूंचा पुंजका, बांधायला सुमारे 8 मिलीमोलर तीव्रता लागते, ब्रोमाइडवाल्याला सुमारे 15, आणि मिश्रणाचं मात्र त्याहून कितीतरी कमी तीव्रतेत भागतं.

खरी गंमत समसमानाच्या जरा अलीकडे-पलीकडे आहे. एकट्या सर्फॅक्टंटची डोकी एकमेकांना ढकलतात, जागा जास्त अडवतात, त्यामुळे गोल मायसेल बनतो. विरुद्ध डोक्यांची जोडी जमली की जागा आक्रसते, खाली शेपट्या दोन, आणि थर जवळजवळ सपाट होतो. तो स्वतःवरच मिटून पोकळ गोळा होतो, म्हणजे व्हेसिकल. रसायन अभियंता एरिक कालर आणि सहकाऱ्यांनी 1989 साली साध्या एकशेपटी सर्फॅक्टंटांच्या मिश्रणात ही व्हेसिकल्स आपोआप बनतात हे दाखवलं. ना आवाजाच्या लहरींचा मारा, ना गाळण्यातून दाबणं! अशा द्रावणाला निळसर झाक असते. उजेडासमोर नळी धरून मी ती कितीदा तरी बघत बसलोय.

तुझ्या बाटलीत मात्र भार एकमेकांना खाऊन टाकतील; फेस मरेल आणि केसांना चिकटायला धनभारही उरणार नाही. तेव्हा आधी शाम्पू, तो नीट धुऊन काढ, मगच कंडिशनर.

पुढच्या भेटीत तुला ती निळसर नळी दाखवायची आहे.

तुझाच,
मित्र