कारागिराच्या कौशल्याची नोंद कारागिराजवळच राहावी: कौशल्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कामातून शिकलेल्या कौशल्यांना डिजिटल बॅज देण्याबाबत.

महोदय,

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि सध्या कळव्यात राहतो. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुले आज वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या कारखान्यांत काम करतात आणि अडचण आली की अजूनही घरी येतात. डिजिटल बॅज, म्हणजे एखादे कौशल्य येते याची मोबाइलवर दाखवता येणारी नोंद, आणि आजीवन शिक्षण हे शब्द अलीकडे शासकीय कार्यक्रमांत वारंवार कानावर पडतात. ही कल्पना मला मनापासून पटलेली आहे, आणि म्हणूनच ती राबवताना एक गोष्ट निसटू नये, या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आला होता. वय त्रेचाळीस. सोबत प्लास्टिकची फाइल, आत लॅमिनेट केलेले कागद. सर्वांत वर आयटीआयचे प्रमाणपत्र, खाली तीन अनुभवपत्रे, त्यांपैकी एक बंद पडलेल्या कारखान्याचे, म्हणजे त्यावरच्या फोन क्रमांकाचा आता काही उपयोग नाही. शेवटी एका खासगी प्रशिक्षण केंद्राच्या दहा दिवसांच्या वर्गाचे रंगीत प्रमाणपत्र होते आणि त्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड होता. मी तो मोबाइलवर स्कॅन करून पाहिला. पान उघडलेच नाही. केंद्र बंद झाले होते आणि त्याबरोबर त्याचे संकेतस्थळही गेले होते.

या माणसाला खरोखर जे येते ते त्या फाइलमधल्या एकाही कागदावर नाही. स्टेनलेस स्टीलचा पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला असताना, म्हणजे आमच्या भाषेत सिक्स-जीमध्ये, तो आर्गॉन वायूच्या वेल्डिंगवर असा रूट, म्हणजे सांध्याचा सर्वांत आतला पहिला थर, मारतो की आतून पाहिले तरी बीड, म्हणजे वेल्डची रेघ, एकसारखी दिसते. हे त्याला मी शिकवलेले नाही. मी त्याला आर्क वेल्डिंगचा पाया दिला, एवढेच. आर्गॉन तो रबाळ्यातल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये हेल्पर असताना शिकला. शिफ्ट सुटल्यावर तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाजवळ उभे राहून, उरलेल्या पाइपच्या तुकड्यांवर हात बसवत, वर्ष-दीड वर्षात तो तयार झाला. आजीवन शिक्षण ज्याला म्हणतात ते आमच्या पट्ट्यात असेच होत आले आहे. त्याला वर्ग नाही, हजेरीपट नाही आणि शेवटी कागदही नाही. त्यामुळे नवा ठेकेदार भेटला की तो पुन्हा आयटीआयच्या वीस वर्षांपूर्वीच्या कागदावरून मोजला जातो आणि पहिले काही आठवडे हेल्परच्या दराने राबतो.

डिजिटल बॅजची मूळ कल्पना नेमकी याच पोकळीसाठी आहे. मोझिला फाउंडेशनने २०११ मध्ये ओपन बॅज ही खुली पद्धत मांडली. पुढे २०१७ मध्ये तिची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेली, जी आता वनएडटेक या नावाने ओळखली जाते. या पद्धतीत बॅज हे नुसते चित्र नसते. तो कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, कोणत्या निकषांवर दिला, ही माहिती त्या चित्राच्या फाइलीतच गुंफलेली असते आणि कामाचा पुरावा व मुदत संपण्याची तारीखही त्यात नोंदवता येते. माझ्या विद्यार्थ्याच्या बॅजमध्ये पाइपचा व्यास, भिंतीची जाडी, धातू, पोझिशन, बेंड टेस्टचा, म्हणजे वेल्डची पट्टी वाकवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल, एक्स-रेचा अहवाल आणि परीक्षकाचे नाव हे सगळे बसू शकते. ‘वेल्डर’ या एका शब्दाने जे कळत नाही ते त्यातून ठेकेदाराला एका नजरेत कळेल.

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण या व्यवसायातला कोणीही ती पुढे करेल. प्रेशर वेसल, म्हणजे दाबाखालच्या टाक्या, आणि कारखान्यातल्या प्रोसेस पाइपिंगच्या कामाला एएसएमई या अमेरिकन अभियंता संघटनेच्या संहितेचा सेक्शन नाइन लागू होतो. त्यानुसार ज्या कंपनीचे काम, तिनेच आपल्या वेल्डरची पात्रता तपासायची असते, आणि एखादी वेल्डिंग प्रक्रिया सहा महिने वापरली नाही तर त्या प्रक्रियेपुरती ती पात्रता संपते. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि तो राहिलाच पाहिजे. फुटलेल्या सांध्याची किंमत काय असते, हे रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. बॅज त्या टेस्टची जागा घेणार नाही. पण टेस्टच्या बूथपर्यंत, म्हणजे वेल्डिंग करून दाखवायच्या कक्षापर्यंत, कोणाला पोहोचू द्यायचे, हे आज ओळखीवर आणि वशिल्यावर ठरते, ते बॅजमुळे कामावर ठरू लागेल. शिवाय बॅजवर मुदत असावी, हेही या नियमातूनच शिकण्यासारखे आहे. पंधरा वर्षांपूर्वी हात चांगला होता, एवढ्यावर आज कोणाला पाइपवर चढवणे धोक्याचे आहे.

यासाठी लागणारी बरीच बांधणी देशात आधीच झालेली आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि त्यातील दस्तऐवजाला मूळ कागदाइतकीच कायदेशीर मान्यता आहे. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक असा हिशेब ठरवला असून कामाच्या अनुभवालाही त्यात स्थान दिले आहे. राज्याकडे स्वतःचे कौशल्य विद्यापीठ आहे आणि महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळही आहे. उणीव आहे ती या सगळ्याच्या खालच्या टोकाला. पूर्ण अभ्यासक्रम केलेल्या माणसाची नोंद होते. ज्याने एकच नेमके कौशल्य, तेही कामावर, आत्मसात केले आहे, तो या व्यवस्थेला दिसतच नाही. पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याच्या योजना आहेत, पण माझ्या पाहण्यात आलेल्या शिबिरांत भर ओळखवर्गावर आणि पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेवर होता. वेल्डिंग वहीवर तपासता येत नाही, महोदय. त्यासाठी बूथ लागतो, पाइप लागतो आणि कापून पाहणारा परीक्षक लागतो.

म्हणूनच मला सर्वांत मोठी भीती वाटते ती हजेरीच्या बॅजची. दोन तासांचे व्याख्यान ऐकले की बॅज, मेळाव्याला आले की बॅज, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवला की बॅज, असे एकदा सुरू झाले की आकडे फुगतील आणि वर्षभरात ठेकेदार बॅज पाहणेच सोडून देतील. मग खऱ्या कारागिराचा बॅजही त्याच ढिगात जाईल. उपस्थितीची नोंद हवीच असेल तर तिला दुसरे नाव द्यावे, तिचे चित्रही वेगळे ठेवावे. ज्या बॅजमागे प्रत्यक्ष काम, ते तपासणारी नाव असलेली व्यक्ती आणि जतन केलेला पुरावा नाही, त्याला शासनाची मुद्रा लागू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती मालकीविषयी आहे. तो न उघडणारा क्यूआर कोड माझ्या मनातून जात नाही. ओपन बॅजच्या आधीच्या आवृत्त्यांत पडताळणी बहुधा बॅज देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर अवलंबून असे. संस्था गेली की बॅज मुका. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत बॅजवरच डिजिटल स्वाक्षरी असते आणि तो कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये राहू शकतो. राज्याने हीच खुली पद्धत स्वीकारावी, कोणा एका खासगी मंचाच्या कुलपात नोंदी अडकू देऊ नयेत, आणि प्रत्येक संस्थेची स्वाक्षरी तपासण्याची चावी मंडळाकडे कायम जतन करावी, म्हणजे केंद्राला उद्या टाळे लागले तरी तिथे शिकलेल्या मुलाचे नुकसान होणार नाही. कोणता बॅज कोणाला दाखवायचा हे कामगाराने ठरवावे. एखाद्या चाचणीत नापास झालेल्याची नोंद ठेकेदारांच्या हाती पडता कामा नये. आणि बॅजमधला मजकूर मराठीतही असावा, कारण आपल्या नावावर काय लिहिले आहे हे त्या माणसाला स्वतःला वाचता आले पाहिजे.

एमएस-सीआयटीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. संगणकाचा तो अभ्यासक्रम घराघरांत पोहोचला, त्यामागे शिकण्याची हौस होतीच, पण शासनाने नोकरीसाठी ते प्रमाणपत्र ग्राह्य धरले, हे मोठे कारण होते. घेणारा असेल तरच देण्याला अर्थ. म्हणून शासनाने आधी स्वतः बॅज स्वीकारावेत. सार्वजनिक बांधकाम विभाग, एमआयडीसी आणि सिडको यांच्या निविदांत कुशल कामगारांची अट असते, तिथे असे बॅज पुरावा म्हणून चालतील, एवढे एका शासन निर्णयाने जाहीर झाले तरी खासगी ठेकेदार आपोआप मागे येतील.

हे केवळ वेल्डरपुरते नाही, हे मी जाणतो. माझी पत्नी आजारी असताना घणसोलीहून एक मावशी यायच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखम होऊ न देता कूस कशी बदलायची, नळीतून अन्न देताना डोके किती उंच ठेवायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. कागदावर मात्र त्या सातवी पास होत्या आणि एजन्सीच्या यादीत ‘घरकाम’ या रकान्यात होत्या.

तरीही सुरुवात एका ट्रेडने आणि एका पट्ट्यात व्हावी, असे मला वाटते. ठाणे-बेलापूर पट्टा त्यासाठी योग्य आहे, कारण इथे कारखाने, ठेकेदार आणि आयटीआय एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. आयटीआयच्या कार्यशाळा सुट्टीच्या दिवशी बंदच असतात. त्या दिवशी बूथ चाचणीसाठी उघडावेत, म्हणजे रोजावर काम करणाऱ्याचा खाडा होणार नाही. चाचणीच्या पाइपचा आणि गॅसचा खर्च शासनाने उचलावा. परीक्षक दोन असावेत, एक संस्थेतला आणि एक कारखान्यातला. आर्गॉनचा हात पुस्तकापेक्षा शॉप फ्लोअरवरचा माणूस लवकर ओळखतो.

सिक्स-जी पाइपच्या चाचणीचा मराठी तपासणी तक्ता मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकाऱ्यांनी मिळून तयार केला आहे. रूटची आतली उंची, अंडरकट (वेल्डच्या कडेला पडणारी खाच), पोरोसिटी (वेल्डमधली वायूची छिद्रे), बेंड टेस्टसाठी पट्ट्या कुठून कापायच्या, असा तो चार पानांचा आहे. आपल्या विभागाने दिवस कळवल्यास तो घेऊन आम्ही मंत्रालयात येऊ. त्या विद्यार्थ्याने पहिली चाचणी देण्याची तयारी दाखवली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
कळवा, ठाणे