सोनं दिसतं का, त्याचं उत्तर

डॉसन सिटीच्या दक्षिणेला, युकॉन, कॅनडा
१० ऑगस्ट

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सोनं दिसतं का गं तिथं?" आणि तेवढ्यात आवाज तुटला. या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर पत्रच हवं. गुरुवारी हेलिकॉप्टर मातीची पोती घेऊन डॉसनला जाईल, त्यातून हे पाठवते.

नाही दिसत, बाबा. आम्ही शोधतो ते सोनं मातीत इतकं विरलेलं असतं की भिंगाखालीसुद्धा सापडायचं नाही. सकाळी हेलिकॉप्टर आम्हाला जोडीजोडीनं डोंगराच्या धारेवर सोडतं. जीपीएस बघत सरळ रेषेत चालायचं, दर ५० मीटरला थांबायचं, शेवाळाचा जाड थर उचलायचा आणि हातानं फिरवायच्या ऑगरनं, म्हणजे मोठ्या गिरमिटानं, भोक पाडायचं. वरची काळी माती चालत नाही. तिच्याखाली कुठं कुठं पांढऱ्या राखेची पट्टी लागते. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी अलास्काच्या सीमेजवळ ज्वालामुखी फुटला, त्याची ती राख. तीही नको. त्याखालची, खडकाचा चुरा मिसळलेली माती हवी. ती तपकिरी कागदी पिशवीत भरायची, नंबर टाकायचा, वहीत रंग आणि खोली लिहायची आणि पुढं चालायचं. उत्तरेकडच्या उतारावर मात्र ऑगर थेट बर्फाला अडतो. तिथली जमीन भर उन्हाळ्यातही आतून गोठलेली असते.

मूठभर मातीवर एवढा विश्वास का, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं. हिमयुगात जवळजवळ सगळा कॅनडा बर्फाखाली होता. त्या बर्फानं डोंगर खरवडले आणि माती कुठल्या कुठं नेऊन टाकली. युकॉनचा हा भाग तेवढा सुटला. समुद्राकडच्या उंच पर्वतांनी ओलावा अडवला, इथं थंडी होती पण बर्फाची चादर साचली नाही. त्यामुळं पायाखालची माती तिच्या खालच्याच खडकाची आहे. ती खोटं बोलत नाही. शॉन रायन म्हणून एक शोधक आहेत, ते आधी जंगलात मशरूम गोळा करून विकायचे. मग अशीच माती गोळा करत हिंडले, आणि त्यांच्या नमुन्यांवरून २००८ च्या सुमारास याच भागात सोन्याचा मोठा साठा हाती लागला.

तुम्ही कोइमतूरला सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन त्यातलं सोनं काढायला भट्टी लावायचात, तेच हे काम आहे, बाबा. प्रयोगशाळेत अजूनही मुशीत शिशाबरोबर वितळवून कस काढतात. शिसं निघून जातं, सोनं-चांदीचा बारीक मणी उरतो. हे पहिल्यांदा वर्गात शिकवलं तेव्हा सगळे वहीत उतरवत होते आणि मला आपली गल्ली दिसत होती. विट्याच्या गलाईवाल्याच्या मुलीनं जगाच्या या टोकाला यावं आणि तिला काम ओळखीचं वाटावं, याचा मला फार अभिमान आहे.

हिशेबही ऐका. टनाला एक ग्रॅम सोनं असलं तरी खडक खोदायला परवडू शकतो. म्हणजे एका तोळ्याला जवळपास १२ टन खडक. आमच्या मातीत मोजतात ते टनाला मिलिग्रॅममध्ये. दोन-चार मिलिग्रॅम कुठंही असतात. ओळीनं पाच-सहा पिशव्यांत पन्नास-शंभर आले, की त्या धारेवर परत जायचं.

आई, एक गोष्ट तुला आवडणार नाही. कानातलं आणि आजीची अंगठी मी काढून ठेवलीय. इथं नमुने घेताना सोनं अंगावर घालायलाच बंदी आहे. अंगठी मातीला घासली तरी आकडा बिघडतो. फोटोत कान रिकामे दिसले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, दोन्ही वस्तू डब्यात जपून आहेत.

अस्वलांचंही सांगते. स्वयंपाकाच्या तंबूभोवती विजेच्या तारेचं कुंपण आहे, कमरेला मिरचीचा फवारा असतो, आणि झुडपातून जाताना आम्ही मोठ्यानं बोलत राहतो. एकटं कुणी कुठं जात नाही. खरा जाच डासांचा. जूनमध्ये डोक्यावरची जाळी जेवतानाच काय ती वर व्हायची. तेव्हा रात्रही होत नव्हती, सूर्य मध्यरात्रीनंतर जरासा टेकायचा आणि उजेड तसाच राहायचा. आता थोडा अंधार पडू लागलाय, झोप लागते. मध्ये वणव्यांचा धूर इतका दाटला की हेलिकॉप्टर उडेना. मग तंबूत बसून पिशव्या वाळवल्या, याद्या जुळवल्या. तंबू जाड कापडाचा, खाली फळ्या, कोपऱ्यात लाकडाची शेगडी. ब्लूबेरी पिकल्यात, येताना टोपीभर आणतो. आमच्या स्वयंपाकीणबाईंना मी फोडणी शिकवली. जिरं-लसूण तडतडलं की आता सगळेच ताट घेऊन पुढं येतात.

या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी युकॉनभर सुट्टी असते. ऑगस्ट १८९६ मध्ये डॉसनजवळच्या ओढ्यात सोनं सापडलं, त्याची. सापडलं ते टॅगिश या इथल्या मूळनिवासी समाजातल्या कीश नावाच्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना. पुढं लाखभर लोक निघाले, त्यातले तीस-चाळीस हजार पोचले. नदीच्या संगमावर पिढ्यान्‌पिढ्या सामन मासा धरणाऱ्या ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळनिवासी लोकांना तिथून हलावं लागलं. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपल्या लोकांची गाणी अलास्कातल्या नात्यागोत्याच्या लोकांकडं सांभाळायला दिली, इथं ती टिकणार नाहीत म्हणून. पुढं ती गाणी परत आली. २०२३ मध्ये त्यांच्या भूमीतल्या काही जागा जागतिक वारसा ठरल्या. सोन्याच्या शोधाचं काम मला मनापासून आवडतं, पण ती गाणी ज्यांची, त्यांना विचारल्याशिवाय इथं एकही खड्डा खणला जाऊ नये, असं मला ठाम वाटतं.

मी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथंच राहणार आहे. पहिली बर्फवृष्टी झाली की कॅम्प उठेल. पुढच्या उन्हाळ्यातही यायचं ठरवतेय. बाबा, तुमचा होकार हवा. आई, तुझाही.

आणि बाबा, आजोबांच्या वेळी शिसं घालून कस काढायची जी रीत होती, ती एकदा सविस्तर लिहून पाठवा. मूस कशाची होती, भट्टीला कोळसा कुठला, सगळं. आमच्या मुख्य भूवैज्ञानिकांना वाचून दाखवायचंय, त्या रोज विचारतात. पत्र डॉसनच्या पोस्टाच्या पत्त्यावर टाका, पत्ता दादाकडं आहे. फोन करायचा तर तुमच्या सकाळी साडेनऊला करा. तेव्हा इथं आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि आम्ही जेवून बसलेलो असतो.

तुमची,
सुमन